पेंटरकाकांचा हलता माणूस

"हात मागं."

एवढंच म्हणायचे ते. आवाज चढवून नाही, रागावून नाही. देवळातला पुजारी 'पुढं सरका' म्हणतो तितक्याच सवयीनं.

चहाच्या गाड्यावर उकळत्या पातेल्याशेजारी कुणी कोपर टेकवून गप्पा हाणत असला, की मागून यायचं, "हात मागं." दुकानाचं शटर खाली येताना, टेम्पोचा फाळका लावताना, कुणी उगाच पंख्याच्या जाळीत बोट घालताना, "हात मागं." एकदा एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. होम पेटलेला, नवरदेव तूप सोडायला वाकला, आणि माझ्या बाजूची खुर्ची सरकली. हे उभे. "हात मागं, नवरदेव." नवरदेवानं हात असा झटक्यात मागे घेतला की पळीभर तूप सासरेबुवांच्या नव्या कोऱ्या जाकिटावर. भटजींचा मंत्र तुटला, मांडव हसून हसून आडवा झाला. हे शांतपणे खाली बसले आणि नवरदेवाची बोटं नजरेनं तपासत राहिले, सगळी जागेवर आहेत ना म्हणून.

नाव सांगत नाही. कंपनीत सगळे त्यांना पेंटरकाका म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. चाकणकडे नोकरी करणाऱ्या मंडळींनी त्यांना पाहिलं नसेल, पण त्यांची चित्रं पाहिली असतील. फाटकातून शिरल्याबरोबर भिंतीवर, जिन्याच्या वळणावर, कॅन्टीनमध्ये हात धुवायच्या नळांवर.

चाकणच्या अलीकडचं त्यांचं गाव. शेत कारखान्याच्या कुंपणात गेलं, बदल्यात घरटी एक नोकरी आली, ती यांच्या वाट्याला आली. आधी जमिनीवर पिवळे पट्टे मारायचं काम. मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं काढलेला बैल कुणा साहेबानं पाहिला आणि यांना सुरक्षा विभागात नेऊन बसवलं. तिथे त्यांनी पुढची सगळी वर्षं एकच गोष्ट काढली: अपघाताच्या आधीचा क्षण.

आधीचा, बरं का. नंतरचा कधीच नाही. शिडीची पायरी मोडणार आहे आणि पाय तिच्यावर पडला आहे. साखळीची एक कडी उघडली आहे आणि लटकणाऱ्या ओझ्याखाली दोघं डबा खातायत. त्यातला एक हसतोय, त्याचे दातसुद्धा काढलेले. एका साहेबानं सुचवलं, जरा रक्त दाखवा, लाल रंगाचे डबे कशाला दिलेत तुम्हाला. काका म्हणाले, "पडल्यावर काय दाखवायचं साहेब? तवा समद्यांनाच दिसतं."

रक्ताचा थेंब नसायचा, आणि तरी त्या भिंतीसमोरून जाणारा माणूस पुढचा जिना कठडा धरून उतरायचा. मी स्वतः उतरलोय.

आता भीतीचा भाग. काका चित्रातली माणसं खऱ्या माणसांवरून काढायचे. गोदामातल्या एका हसऱ्या गड्याचा चेहरा त्यांनी शिडीच्या चित्रात घेतला, आणि दिवाळीच्या आत तो गडी शिडीवरून खाली आला. लोक म्हणाले, योगायोग. मग माल उचलणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा चेहरा घेतला. त्याचा पाय त्याच गाडीखाली सापडला. त्यानंतर योगायोग म्हणणारं कुणी उरलं नाही. काका कागद घेऊन मशीनच्या शॉपमध्ये शिरले की तोंडावर रुमाल चढायचे, हेल्मेट भुवयांवर यायची. मिशीवाले थोराड पुरुष नव्या नवरीसारखे भिंतीकडे तोंड करून काम करायचे. एक जण हात जोडून म्हणाला होता, काका, माझं तोंड नका घेऊ, घरी बारकी लेकरं हाईत.

मी त्यांना याबद्दल विचारलं होतं. त्यांनी बोटांवरचा रंग पुसला. मग म्हणाले, "मी काय शाप देतो व्हय? एवढ्या माणसांत जो घाईत असतो, नजर त्याच्यावरच थांबते. त्यालाच काढतो. त्यानं बघावं म्हणून काढतो." आणि खालच्या आवाजात, "कुणी बघत न्हाई राव."

त्यांनी चेहरे काढणं सोडलं. नुसत्या पाठी, हेल्मेट, हात. कितीतरी वर्षं त्या भिंतींवर एकही तोंड नव्हतं.

माझी त्यांची गाठ कशी पडली ते सांगतो. संत तुकाराम नगरात माझं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे व्हिडिओ. तुमच्या मोबाइलवर येतो ना तो: ज्वाळा फुटतात, त्यातून भाऊ चालत येतात, मागे वाघ डरकाळी फोडतो, वरून सोनं झडतं. तो माझाच माल. माझ्याकडे वाघ तऱ्हेतऱ्हेचे आहेत. एका भाऊंनी वाघ परत पाठवला होता, कारण तो त्यांच्यापेक्षा रुबाबदार दिसत होता. मग मी त्यांना जरा म्हातारा वाघ दिला.

अशा या पवित्र जागी एका दुपारी काका आले. काखेत प्लॅस्टिकचा पाइप, पाइपात गुंडाळलेली चित्रं. समोरच्या पडद्यावर कुणातरी भावी नगरसेवकाच्या डोक्यावरून गरुड उडत होता. काकांनी तो गरुड पूर्ण उडू दिला आणि मग म्हणाले, "मला माझी चित्रं हलवायची हायेत."

कंपनीनं सांगितलं होतं की आता पोस्टर कुणी वाचत नाही. सुरक्षा सप्ताहात फिल्म दाखवायची, बाहेरून करून घेऊ. काका अडून बसले. चित्रं माझी आहेत, हलवणार पण मीच. दुपारी दोन तास सुटी मंजूर करून घेतली, आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी हा माणूस माझ्या दुकानात शिकायला बसू लागला.

पहिल्या दिवशी मी सांगितलं की चित्र हलवायचं तर ते आधी कापावं लागतं. डोकं वेगळं, धड वेगळं, दंड वेगळा, पंजा वेगळा. एकेक तुकडा काचेवर चिकटवल्यासारखा, काचेवर काच ठेवायची, की पुन्हा सबंध माणूस दिसतो. याला लेयर म्हणतात. काकांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"माणूस कापायचा?"

"चित्रातला, काका."

"माझ्या चित्रातला."

त्यांनी चहा मागवला, तो सावकाश प्यायला, आणि कुठून कापायचं ते विचारलं. मी म्हणालो, हातापासून सुरुवात करू.

कापल्यावर नवी पंचाईत निघाली. हात बाजूला केला की त्याच्यामागे धड नसतंच. तिथे हाताच्या आकाराचं पांढरं भोक. जे कधी कुणाला दिसणार नव्हतं ते आता काढावं लागणार होतं. या कामात काका रमले. झाकलेली बरगडी, दंडाआडचा खिसा, खिशातली तंबाखूची पुडी.

मग खिळ्याची गोष्ट झाली. हात खांद्यातून फिरायला हवा तर तिथे एक खिळा मारावा लागतो. सॉफ्टवेअर आपलं आपण तो खिळा तुकड्याच्या मधोमध ठोकून ठेवतं, तो उचलून सांध्यावर आणायचा असतो. काकांनी तो आणला नाही. बटण दाबलं, आणि त्यांच्या कामगाराचा हात खांद्यातून सुटून हवेत पंख्यासारखा गरगर फिरू लागला. मी हसून टेबलावर डोकं ठेवलं. पत्रिका लावणारी आमची बाई हसत बाहेर पळाली.

काका हसले नाहीत. "बंद करा," म्हणाले. "बंद करा राव, सुटला तो."

मी बंद केलं. त्यांचा चेहरा पाहून माझंही हसू गेलं.

सगळ्यात अवघड गेलं ते मात्र वेगळंच. मी समजावत होतो की दर क्षणाचं चित्र काढायची गरज नाही. हात पहिल्यांदा कुठे आहे ते सांगायचं, शेवटी कुठे आहे ते सांगायचं. मधलं सगळं सॉफ्टवेअर भरून काढतं.

"शेवट सांगायलाच पायजे?"

"नाही सांगितला तर हलणारच नाही, काका. आहे तिथेच उभा राहील."

त्यांनी माउस बाजूला सारला. "शेवट मी आजवर कंदी सांगितला न्हाई," म्हणाले.

पण पहिला हात जेव्हा हलला ना, तो दिवस पाहण्यासारखा होता. साधी हालचाल. कामगार हात वर करतो आणि कपाळावरचा घाम पुसतो. काकांनी ती पुन्हा चालवली, पुन्हा चालवली. चालवता चालवता त्यांचा स्वतःचा हात टोपीखाली गेला आणि कपाळ पुसून आला. त्यांना ते कळलंही नाही. "हललं की," ते हळूच म्हणाले, एखाद्या झोपलेल्या लेकराबद्दल बोलावं तसं.

त्याच सुमारास धोंड्याचा महिना आला. काकांची एकुलती लेक पुनावळ्यात दिलेली. जावई चाकणमधल्या, काकांच्याच कंपनीला माल पुरवणाऱ्या एका छोट्या शेडमध्ये प्रेस मशीनवर कामाला. धोंडे खायला लेक-जावई गावी येणार होते, आणि काकांनी मलाही बोलावलं. गुरूला जेवायला घातल्याशिवाय विद्या हातात येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी असल्या विद्यादानाला नेहमी तयार असतो.

जावई मोठा गोड माणूस. उंच, कुरळ्या केसांचा, डाव्या भुवईवर एक जुना व्रण, आणि बोलायला लागला की घरभर उजेड. आहेराचा शर्ट तिथल्या तिथे अंगात घालून जेवायला बसला. मी सहज कामाचं विचारलं आणि तो खुलला.

त्यानं जे सांगितलं ते तुम्हालाही नीट कळायला हवं, म्हणून सावकाश सांगतो. प्रेस मशीनला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जबडा खाली येतो. म्हणजे जबडा खाली येताना दोन्ही हात बटणांवर, आत हात असण्याचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून जावयानं काय केलं होतं, तर डाव्या बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. उजव्या हातानं एकच बटण दाबायचं, डावा हात मोकळा. त्या हातानं आतला तुकडा झटपट काढायचा, नवा ठेवायचा. शेडमध्ये सगळ्यात जास्त माल त्याचा.

"दोन्ही हात बटणावर ठेवून बसायला मी काय पेटी वाजवतो व्हय?" तो म्हणाला. आम्ही सगळे हसलो. पाचर त्यानं स्वतः तासली होती, बाभळीची, वरून काळा रंग दिलेला. सुपरवायझर अगदी शेजारी उभा राहून गेला तरी त्याला दिसली नव्हती, हेही त्यानं अभिमानानं सांगितलं.

काका तुपाची वाटी घेऊन त्याच्यासमोर उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. आता येणार, ते दोन शब्द आता येणार. भर मांडवात नवरदेवाला उडवणारा माणूस.

काका वाकले. "पाव्हणं," म्हणाले, "तूप घ्या अजून."

निघताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी गाडीला किल्ली लावली आणि विचारलंच. ते म्हणाले, "जावई हाय, राव. लेक दिलीय त्या घरात. मी बोललो तर ते मान खाली घालून ऐकून घेतील, आन घरी जाऊन तिला ऐकवतील."

मग मुलीला सांगा, मी म्हणालो.

"तिला ठावं हाय. तिला वाटतं, नवरा हुशार हाय."

शेडच्या मालकाला सांगा, हे मी सुचवून पाहिलं. तर त्याची नोकरी जाईल, आणि कुणी सांगितलं हे कधी ना कधी निघेलच. काका रस्त्याच्या कडेला उभे राहून स्वतःची बोटं एकेक करून मोडत होते. मी गाडी सुरू केली.

त्यानंतर त्यांचा वेग बदलला. फिल्मचा विषय त्यांनी साहेबांना सांगून टाकला: प्रेस मशीन. माझ्याकडे येऊन खाली मान घालून बसायचे. चहा थंड व्हायचा. पंजाचं एकच चित्र पुरे, असं मी सांगितलं होतं. त्यांनी बोटं वेगवेगळी कापली, प्रत्येक पेर वेगळं, प्रत्येक पेराला खिळा. तो हात पडद्यावर मूठ मिटायचा, उघडायचा, तुकडा चिमटीत धरायचा. मला तो बघवत नसे. इतका खरा हात अशा ठिकाणी जाणार हे माहीत असलं की डोळे आपोआप दुसरीकडे जातात.

एका दुपारी मी त्यांच्या मागून गेलो आणि थबकलो. हेल्मेटखाली कुरळे केस. डाव्या भुवईवर व्रण.

"काका, चेहरा काढलात."

"व्हय."

"लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? तोंड घेतलं की माणूस जातो म्हणतात."

"म्हणू दे. पाव्हण्यांनी पण ते ऐकलेलं हाय," काका म्हणाले. "तोंडानं सांगता येत न्हाई मला. भ्याले तरी चालंल."

पाचरही त्यांनी काढली होती. बाभळीचा कणीदार पोत, काळा रंग, सगळं हुबेहूब, आणि ती वेगळ्या लेयरवर होती. प्रत्येक लेयरपुढे एक छोटा डोळा असतो. तो मिटला की ती वस्तू पुसली जात नाही, नुसती दिसेनाशी होते. काकांनी पाचरेचा डोळा मिटून ठेवला होता.

मी म्हणालो, याचा अर्थ लागत नाही काका. पहिल्या भागात तुम्हीच दाखवता की एका बटणानं मशीन हलत नाही. मग याचा डावा हात आत असताना जबडा खाली कसा आला? पाचर दिसायला हवी.

"ज्याला कळायचं त्याला कळंल."

"आणि बाकीच्यांना?"

"पाचर दाखवली तर दुसऱ्या दिवशी साहेब लोक शेडांमधनं बटणं तपासत फिरतील." ते पडद्यावरून नजर न काढता बोलत होते. "मला पाव्हण्यांचा हात पायजे, आन त्यांची नोकरी पण पायजे. पोरीचा संसार हाय त्याच्यावर."

मिटलेला डोळा मिटलेलाच राहिला. माणसाच्या हालचालीला सुरुवातीला आणि शेवटाला थोडा सैलपणा द्यावा लागतो, नाहीतर ती खोटी वाटते. काकांनी तो कामगाराला दिला, प्रेसला दिला नाही. ती कुणासाठी हळू व्हत न्हाई, असं म्हणाले. शेवट त्यांनी सांगितला, पण अर्धाच. जबडा हातापासून वीतभर वर थांबतो आणि तो कुरळ्या केसांचा माणूस मान वळवून आपल्याकडे बघतो. बस. मी ती फिल्म पहिल्यांदा सलग पाहिली तेव्हा ऊन रणरणत होतं, रस्त्यावर हॉर्न वाजत होते, आणि तरी मी दुकानातले सगळे दिवे लावले.

सुरक्षा सप्ताहात कंपनीच्या हॉलमध्ये ती दाखवली. कंपनीला माल पुरवणाऱ्या छोट्या शेडमधल्या कामगारांनाही अर्ध्या शिफ्टनंतर बसनं आणलं होतं. जावई मधल्या रांगेत मित्रांच्या घोळक्यात. प्रोजेक्टर माझा, म्हणून मी बाजूला उभा. पहिल्या रांगेत नांदेडकडून नुकताच आलेला एक गृहस्थ होता, जावयाच्याच शेडमधला. सगळे मोबाइल बघत असताना तो एकटा फिल्म शाळेतल्यासारखी बघत होता. दोन बटणं, दोन हात. एका बटणानं मशीन हलत नाही. तो मान डोलवत होता, स्वतःचे दोन्ही हात मांडीवर दाबून पाहत होता. मला कौतुक वाटलं.

मग पडद्यावरच्या त्या कुरळ्या केसांच्या माणसानं मान वळवली.

हॉलमधला आवाज खालून वरपर्यंत विझत गेला. कुणीतरी म्हणालं, "आरं, हा तर आपला..." सगळ्या माना जावयाकडे वळल्या. त्याच्या उजव्या हाताला बसलेल्या मित्रानं आपली खुर्ची इंचभर बाजूला घेतली. जावई पडद्याकडे बघत होता आणि त्याचा उजवा हात डाव्या मनगटाला धरून बसला होता. दिवे लागले, टाळ्या झाल्या, साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. चहा न घेता, शेडकडेही परत न जाता, जावई परस्पर घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या दुकानात आले ते गरम जिलेबीचा पुडा घेऊन.

"पाव्हणं घरी बसलं!"

सकाळी लेकीचा फोन आला होता. नवरा तापानं फणफणलाय, मशीनचं नाव काढलं की थरथरतो, तुम्ही बाप आहात का वैरी, माझ्या कुंकवाचं तोंड त्या चित्रात घातलंत. काका हे सगळं लेकीच्या आवाजात करून दाखवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आनंदाचं. "म्हनलं, दे शिव्या. हात जागेवर हाय ना त्याचा? मंग दे, किती द्यायच्या तेवढ्या दे." मी त्यांच्या सन्मानार्थ पडद्यावर त्यांचा कामगार घेतला, मागे माझा सर्वांत तगडा वाघ उभा केला आणि वरून सोनं पाडलं. काका पोट धरून हसले. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. बोटं पाकानं चिकट झाली होती म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. शेडमधला जावयाचा कुणी सोबती होता. तो रडत होता.

मशीन रिकामं ठेवता येत नाही. जावई आला नाही म्हणून त्याच्या जागेवर नांदेडच्या त्या माणसाला बसवलं होतं. त्यानं डाव्या हातानं तुकडा आत बसवला, आणि बसवता बसवता उजवा हात बटणावर नुसता टेकवला. निर्धास्तपणे टेकवला. एका बटणानं मशीन हलत नाही हे त्यानं कालच तर पाहिलं होतं. दुसऱ्या बटणातली काळी पाचर कुणी काढली नव्हती. डाव्या हाताची बोटं गेली होती.

पडद्यावर सोनं पडत होतं. मला ते बंद करायचं सुचेना. काका म्हणाले, "मी शिकवलं त्याला." एवढंच, आणि हात न धुताच उठले.

पुढच्या दोन दिवसांत कानावर आलं की नवख्यानं निष्काळजीपणा केला असं ठरत चाललं आहे. पाचर कुणीतरी गुपचूप काढून घेतली होती. काका आले आणि मला म्हणाले, पुनावळ्याला सोडा. मी सोडलं. खाली थांबणार होतो, पण त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता, म्हणून वर गेलो.

जावयानं दार उघडलं. लेक मागे उभी. तिनं पाणी आणलं नाही. काका बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "पाव्हणं, त्या माणसाची चूक न्हाई. पाचर तुमची हुती, आन मला ठावं हुतं. मी उद्या साहेबांना सांगणार हाय. दोन्ही सांगणार हाय."

जावई खाली बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड पार गेला होता. बोलली ती लेक. "सांगा," म्हणाली. "मंग ह्या घराला लेक न्हाई असं समजा तुमी."

काकांनी टोपी घातली. जिना उतरताना ते कठडा घट्ट धरून, एकेक पायरी बघून उतरले.

त्यांनी सांगितलं. कागदावर सही करून सांगितलं. नांदेडच्या माणसावरचा ठपका गेला. जावयाची नोकरी गेली. माहीत असून अशी फिल्म केली म्हणून काकांनाही निवृत्तीच्या आधीच घरी बसवलं. कंपनीतल्या भिंतींना नवा रंग लागला. ते माझ्या दुकानात पुन्हा आले नाहीत. फोन केला तर उचलायचे, तब्येत बरी आहे म्हणायचे आणि ठेवायचे. लेकीच्या घरचं काही कळतं का, हे मी विचारायचो नाही. कळत नव्हतं ते आवाजावरूनच समजायचं.

गेल्या महिन्यात मला चाकणमधून एक ऑर्डर आली. कुणा शेडमालकाचा वाढदिवस, त्यांच्या कामाच्या जागेवर थोडं शूटिंग हवं होतं. मालकांना प्रेसच्या रांगेसमोरून रुबाबात चालवत आणलं, आणि चौथ्या मशीनवर कुरळे केस दिसले.

त्यानं मला ओळखलं. मान वळवली नाही, नमस्कारही केला नाही. तुकडा ठेवला, हात बाहेर घेतले, दोन्ही बटणांवर ठेवले, दाबले. पुन्हा ठेवला, पुन्हा दोन्ही. मी कॅमेरा खाली घेऊन बराच वेळ बघत राहिलो. मालक विचारत होते, वाघ इथेच येणार का.

फाटकाबाहेर आलो आणि काकांना फोन लावला. म्हटलं, जावयांना पाहिलं आत्ता. नव्या ठिकाणी आहेत. अंगानं उतरलेत, पण बरे आहेत.

"हात?"

"दोन्ही बटणांवर, काका. मी नीट पाहिलं. दर वेळी दोन्ही."

रस्त्यावरून कंटेनर जात होते, मी कानावर हात दाबून धरला.

मग त्यांनी विचारलं, "आन शेजारच्या मशीनवरच्या माणसाचे हात?"

मी पाहिलं नव्हतं.